घरचा वकील

अमरावती,
३ डिसेंबर २०२४

ति. धर्मपाल काकांस,
प्रियदर्शनीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

उभी हयात पोस्टात घालवलेल्या माणसाशी महत्त्वाचं फोनवर बोलायचं नाही, हा तुमचा नियम पाळून लिहिते आहे. तसंही फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

तुमचे व्याही वामनराव त्यांचं इथलं घर आम्हाला देतायत ते तुमच्या शब्दामुळे, हे मी विसरले नाही. पण आमचं हे पहिलं घर, तेही कर्ज काढून. कागद वकिलाला दाखवू, एवढंच अनुप म्हणाला तर काकूंनी फोनच ठेवला. आपल्याच माणसामागे वकील लावता काय, म्हणे. शेवटी घरचा वकील म्हणून ललितदादाला कागद दिले. तुमच्या चिरंजीवांनी ते चाळले, चहा घेतला आणि ठीकच असेल म्हणाले. काका, तो वामनरावांचा जावई आहे. सासऱ्याला तो काय विचारणार? मी परका वकील पाहते आहे.

रागावा, पण माया आटू देऊ नका.

आपली पुतणी,
प्रियदर्शनी


अकोला, जुने शहर,
९ डिसेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा डोकं तापलं. वकील लावायला आपण काय भांडायला चाललो? बँकेचा वकील कागद पाहणारच आहे. वामनरावांनी तुझ्यासाठी दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवली. ज्या माणसानं विश्वासानं आपल्या घरात लेक दिली, त्याच्या भिंतीवर आपण संशय घ्यायचा? कालच त्यांनी वरूडच्या बागेतली संत्री पाठवली. कोणत्या तोंडानं खायची, असं तुझी काकू म्हणत होती. खाल्ली मात्र.

तुझं शहाणपण शाळेतल्या पोरांसाठी ठेव. अनुपरावांना जयभीम. ख्यालीखुशाली कळवत जा.

तुझा काका,
धर्मपाल


अमरावती,
२० डिसेंबर २०२४

ति. काकांस सप्रेम जयभीम, वि. वि.

बँकेचा वकील बँकेचं पाहील, म्हणून मी मंजुषाताई नावाच्या वकीलबाई गाठल्या. कागद उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, घर वामनरावांच्या वडिलांचं, तर त्या वडिलांना लेकरं किती?

काका, ललितदादाच्या लग्नात दीक्षावहिनीच्या भागीरथाआत्या, म्हणजे वामनरावांच्या बहीण, मांडवभर मिरवल्या होत्या. आपण सगळे त्यांच्या हातचं जेवलो. घराची गोष्ट निघाली तेव्हा एकालाही त्या आठवल्या नाहीत. लेक सासरी गेली की ती पाहुणीच, झालं.

मी नांदगाव खंडेश्वरला त्यांच्याकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, मले कोनी इचारलंच नाही. सहीले मी नाही काहून म्हनीन, पन त्या घरात माया बी वाटा हाय हे भावानं तोंडानं म्हनावं. वामनरावांना सांगितलं तर ते म्हणतात, ती नाही म्हणणारच नाही, मग विचारायचं कशाला? आता या तर्कापुढे मी काय डोकं फोडू?

आत्यांच्या सहीशिवाय आम्ही इसार देणार नाही. उद्या त्यांची मुलं हक्क सांगत दारात आली तर घर जाईल आणि कर्ज राहील. घर हवं आहे, काका, फार हवं आहे. वामनरावांना तुम्हीच हलवू शकता.

ओरडून झालं की आशीर्वाद पाठवा.

प्रियदर्शनी


अकोला,
४ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

व्याह्यांना घेऊन नांदगावला गेलो. बहिणीपुढे बसून ते भिंतीकडे पाहत पुटपुटले की तुझाही वाटा आहे. बाई रडली. मग डोळे पुसून म्हणाली, हाय ना, मंग माया वाटा मले द्या. ती फुकटात सही करील असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

तर आता खरेदीखतावर विकणारे दोघं राहतील आणि अर्धे पैसे बाईच्या खात्यात जातील. घर तुमचंच. व्याही माझा फोन घेत नाहीत. काकूनं बाजारातून संत्री आणली, ती आंबट निघाली, त्याचाही ठपका माझ्यावर.

ललितला विचारलं, तुला हे कळलं नव्हतं? तो म्हणाला, पहिल्या दिवशीच कळलं होतं. मग बोलला का नाहीस म्हणून मी चिडलो. तो म्हणाला, बाबा, त्या घरी तुम्ही मला जावई म्हणून पाठवलं होतं, वकील म्हणून नाही.

तुझ्या त्या वकीलबाईंचा नंबर कळव. मी नांदगावहून आल्यापासून माझी बहीण, तुझी माणिकबाई आत्या, या आपल्या वडिलोपार्जित घराकडे वेगळ्याच नजरेनं पाहते आहे.

तुझा काका,
धर्मपाल