भाडेमाफीचे दोन आठवडे

लीड्स,
७ जानेवारी १९६२

ती. थेलमाताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोहोचले. आईने बांधून दिलेला केक गाडीतच संपला.

तुझं घर छान आहे. चार दिवसांत हे एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून लिहून कळवते. नळ सोडला की गरम पाणी, संडास घरातच, दाराला आपली स्वतःची किल्ली. नगरपालिकेच्या कौन्सिलचं भाड्याचं घर इतकं चांगलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. इथे घरमालकीण पिकर्सगिलबाई भाडेकरणींना मंगळवारी अंघोळ देतात. टबात चार बोटं पाणी, आणि गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकलं नाही तर तेही गार. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पोरांना स्वच्छतेचा धडा शिकवते.

एक विचारायचं राहिलं. आईचं पितळी घड्याळ तुझ्या शेकोटीवरच्या फळीवर कधी आलं? मी हुशार मुलांच्या ग्रामर स्कूलची परीक्षा पास झाले तेव्हा तिने ते मला कबूल केलं होतं. मला ते हवंय असं नाही. ठेवणार तरी कुठे? आई तुझ्याकडे राहायला आली तेही बरंच झालं, माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे. तुझ्याकडे ती मोठ्याने हसते. आपल्या जुन्या घरात ती अशी हसल्याचं मला आठवत नाही.

आणि तो नवा गालिचा. नाताळात कौन्सिल दोन आठवडे भाडं घेत नाही, ते पैसे त्यात घातले असं तू म्हणालीस. पण तुझ्या क्लिफचा हात पिकून तो मासेमारीच्या जहाजावर जाऊ शकला नव्हता, तेव्हाचं भाडं फिटलं का? राग मानू नकोस. विचारलं नाही तर मला झोप लागत नाही.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी,
एव्हरिल


१४, लार्कस्पर रोड,
२१ जानेवारी

चि. एव्हरिलला,
थोरलीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

मास्तरीणबाई, तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. चार बोटं पाणी ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला हसू. घड्याळ तिनेच पिशवीत घालून आणलं. ते एव्हरिलचंच आहे, तिला घर होईपर्यंत इथे राहील, असं ती पहिल्याच दिवशी बोलली. तोवर आमची भाड्याची वही त्याच्यामागे राहते.

भाड्याचं म्हणशील तर गंमत ऐक. दर सोमवारी ब्लेन्किनसाहेब वसुलीला येतात. कोपऱ्यावर दिसले की शेजारची ट्रॅनमरबाई शेकोटीच्या सळईने भिंतीवर तीनदा ठोकते. परवा तिने ठोकलं आणि आई, दोन्ही पोरं अन् मी, सगळे सोफ्यामागे गालिच्यावर आडवे. साहेब दार वाजवतायत आणि नेमकी आईला उचकी लागली. एक नाही, सात! शेवटी त्यांनी दारातल्या पत्र टाकायच्या फटीतून आवाज दिला की उचकीवर कपाच्या उलट्या कडेने पाणी प्यावं, आपण पुढच्या सोमवारी येऊ. गालिचा मऊ आहे हो, पैसे वाया गेले नाहीत.

तू उगीच काळजी करतेस. मागचे पाच आठवडे राहिलेत, त्यातले माफीचे दोन वजा कर. उरले तीन. क्लिफ पुन्हा समुद्रावर गेलाय, आला की तीनही फेडू. तुला गणित येतं, पण संसाराचं गणित वेगळं असतं बाई.

अंगात लोकरीचं घाल. ओढ आहे ती राहू दे.
थेलमा


१४, लार्कस्पर रोड,
८ फेब्रुवारी

चि. एव्हरिलला अ. आ.

सोबत कौन्सिलकडून आलेलं पत्र आहे. तू शिकलेली आहेस, नीट वाचून काय करायचं ते कळव. आईला काही सांगितलेलं नाही. पोरं बरी आहेत.

थेलमा


लीड्स,
१७ फेब्रुवारी

ती. थेलमाताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शाळेत तपासणी होती म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुझं गणित चुकलं, थेल. माफीचे दोन आठवडे थकलेल्या आठवड्यांतून वजा होत नसतात. ज्यांच्या वहीत बाकी नाही त्यांना ते खरे माफीचे. ज्यांचं थकलंय त्यांनी त्या दोन आठवड्यांतही नेहमीसारखे पैसे भरून थकबाकी उतरवायची, असा नियम आहे. वहीच्या मागच्या पानावर तो बारीक अक्षरात छापलेला असणार. म्हणजे तुझे पाचच्या पाच आठवडे उभे आहेत. घर का काढून घेऊ नये हे कचेरीत येऊन सांगा, नाहीतर प्रकरण कोर्टात जाईल, असं त्यांनी कळवलंय. मुदत तेरा तारखेपर्यंत होती.

सोमवारी सकाळी स्वतः कचेरीत जा. वही ने. रडू नकोस आणि चिडूही नकोस. क्लिफच्या हाताची डॉक्टरची चिठ्ठी दाखव, आणि दर आठवड्याच्या भाड्यावर थोडे जास्त भरते असं तूच होऊन सांग. ते विचारेपर्यंत थांबू नकोस. आणि सोफ्यामागे कुणी लपू नका. दार उघडून जे आहे ते सांगितलं तर ब्लेन्किनसाहेब ते लिहून घेतात. दार बंद राहिलं तर बंद दारच लिहून घेतात.

मला काय वाटतंय ते लिहिता येत नाही.
एव्हरिल


१४, लार्कस्पर रोड,
२५ फेब्रुवारी

चि. एव्हरिलला अ. आ.

कचेरीत गेले. खिडकीपलीकडची बाई वाईट नव्हती. मुदतीच्या आत आला असतात तर इथेच मिटलं असतं, म्हणाली. आता कागद पुढे गेलेत. चौदा मार्चला कोर्टात बोलावलंय.

आईला सांगावं लागलं. ती गालिच्याकडे पाहून पाय उचलून बसली. तेव्हापासून ती त्यावर पाय ठेवत नाही, कडेकडेने चालते. ट्रॅनमरबाईला मी सांगितलं की सळई आता शेकोटीतच ठेवा.

क्लिफ आइसलंडकडे आहे, एकोणीस तारखेशिवाय येत नाही. तुला रजा मिळाली तर ये. न मिळाली तरी माझा राग नाही.

थेलमा


लीड्स,
१८ मार्च

ती. थेलमाताईस,
मान खाली घालून नमस्कार.

बुधवारी कोर्टाच्या बाकावर तू माझा हात धरून बसली होतीस आणि तो हात मला ओढून घ्यावासा वाटत होता. न्यायाधीशांनी घर राहू दिलं, भाडं अधिक आठवड्याला चार शिलिंग अशी अट घातली, आणि तू बाहेर येऊन साऱ्या लोकांना सांगितलंस की माझ्या बहिणीने मला काय बोलायचं ते शिकवलं. गाडीत मी सबंध वाट खिडकीकडे तोंड करून बसले.

तपासणी नव्हती. तुझं पत्र नऊ तारखेलाच मिळालं होतं. मुदतीला चार दिवस होते. मी ते वाचलं, मला सगळं कळलं, आणि उशीखाली ठेवलं. आठ दिवस ठेवलं. तुझं घर जावं असं मी एकदाही म्हटलं नाही. पण जरा हलावं, असं वाटलं. गरम पाणी, आईचं हसणं, घड्याळ, सगळं तुझ्याकडेच का? तुलाही एकदा कुणाच्या चार बोटं पाण्यात बसावं लागावं, असं मला वाटलं. मंगळवारी त्या टबात बसलेली असताना आठवलं की आज तेरा तारीख. तरी मी उठले नाही.

कोटासाठी साठवलेले सहा पौंड आहेत. ते पाठवले तर माझं मन हलकं होईल, म्हणूनच पाठवत नाही. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तितके.

लोभ ठेव असं लिहायचा मला हक्क नाही.
एव्हरिल


१४, लार्कस्पर रोड,
२४ मार्च

चि. एव्हरिलला,
थोरलीचे आशीर्वाद. ते अजून शिल्लक आहेत.

पत्र वाचून तासभर मी कपडे पिळत होते. इतके पिळले की क्लिफच्या सदऱ्याची शिवण उसवली. राग आला, खोटं का सांगू? घर गेलं असतं तर पोरं त्या रात्री कुठे झोपली असती? ते तू विचारात घेतलं नाहीस.

पण गुरुवारी टपालात टाकलेलं शुक्रवारी लीड्सला पोहोचतं, एवढं मलाही कळतं. तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं त्याच दिवशी मला समजलं होतं की तू ते ठेवलंस. तरी मी कोर्टात तुझा हात का धरला ते ऐक.

कौन्सिलचं पत्र मला तीस जानेवारीला मिळालं. मलाही ते वाचता आलं होतं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तरी नऊ दिवस ते घड्याळामागे होतं. तुला कळू नये म्हणून. तू परीक्षा पास झालीस तेव्हा मी सतरा वर्षांची होते, मासळीच्या कारखान्यात. तुझा गणवेश माझ्या पगारातून आला. तू तो घालून आरशासमोर गोल फिरलीस आणि आई म्हणाली, आपल्या घरात एक तरी हुशार निघाली. माझ्या हातांना वास होता, म्हणून मला कुणी त्या कापडाला हात लावू दिला नाही. पुढे हे घर मिळालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे तसं पाहिलंस, जसं मी त्या गणवेशाकडे पाहिलं होतं. ते मला हातचं घालवायचं नव्हतं.

तर माझे नऊ आणि तुझे आठ. मी एकाने पुढेच आहे, थोरली आहे ना.

सहा पौंडांचा कोट घे. थकबाकी आम्हीच फेडू, तुझ्या पैशांनी फिटलेली मला नको. तुला माझा वाटतो तेवढा हेवा मला राहू दे.

थेलमा


१४, लार्कस्पर रोड,
९ डिसेंबर १९६२

चि. एव्हरिलला अ. आ.

सोमवारी ब्लेन्किनसाहेबांनी वहीत रेघ मारली. काही बाकी नाही. आईने त्यांना आत बोलावून चहा दिला, आणि त्यांनी तिला उचकीचं विचारलं. त्यानंतर आई गालिच्याच्या मधोमध खुर्ची ओढून बसली.

यंदाचे दोन आठवडे आमचे खरे माफीचे. भाड्याची वही आता दाराशी खिळ्याला टांगलीय. घड्याळामागे काही उरलं नाही, तेव्हा नाताळला ये आणि तुझं घड्याळ घेऊन जा. पिकर्सगिलबाईच्या खिडकीत ठेव. आमची फळी काही दिवस ओकी दिसेल, आणि मला तुझा हेवा वाटेल.

मंगळवारी ये. त्या दिवशी पाणी गळ्यापर्यंत भरून ठेवते.

तुझी,
थेल