दोरीला एक मूल जास्त

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. शिशुवर्गातल्या खुर्च्या माझ्या पोटरीला लागतात, तेव्हा या शाळेत मी जे काही करते ते वाकूनच करते.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला गेला का? आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे परवा सकाळपर्यंत होतो.

झालं असं, की यंदापासून शिशुवर्गालाही सामाजिक शास्त्र शिकवायचं ठरलंय. ज्यांना अजून डावी चप्पल कुठली आणि उजवी कुठली ते कळत नाही, त्यांना समाज समजावून सांगायचा. पहिला धडा, ‘आपले मदतनीस’. मी पोस्टमनचं चित्र उंच धरलं आणि विचारलं, हे काका काय करतात? वर्गात एक चिरंजीव आहेत, त्यांना आम्ही वकीलसाहेब म्हणतो. ते नीट निरखून म्हणाले, “काहीच करत नाहीत. ते चित्र आहेत.” साऱ्या वर्गानं माना डोलावल्या. मग म्हटलं, खरा समाजच दाखवून आणू. (मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं होतं. त्या फोनवर होत्या, त्यांनी हात हलवला. तो ‘जा’ होता की ‘नंतर ये’, यावर आमचं अजून एकमत नाही.)

आमच्याकडे गाठी मारलेली एक लांब दोरी आहे. एकेका मुलानं एकेक गाठ धरायची, पुढे मी, मागे शाळेतल्या मावशी. अशी वरात निघाली. शिंप्यानं हौसेनं एकाच्या छातीचं माप घेतलं, तर बाकीचे पंधरा माप दिल्याशिवाय हलेनात. पोस्टात वकीलसाहेबांनी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, “तुम्ही कोणाला मदत करता?” त्या गृहस्थानं चष्मा कपाळावर चढवला. रांगेतली माणसंही कान टवकारून उभी राहिली, त्यांनाही बरेच दिवस हे जाणून घ्यायचं असावं. शेवटी त्यानं एकेकाच्या तळहातावर शिक्का मारला आणि सुटका करून घेतली.

परत आल्यावर फाटकात मी मुलं मोजली. सतरा. मामा, नेली होती सोळा. पुन्हा मोजली, पुन्हा सतरा. मावशी म्हणाल्या, “कमी तर नाही ना भरली? मग चला आत.” पण शेवटच्या गाठीला लाल स्वेटरमधली एक मुलगी होती, जिला मी जन्मात पाहिलं नव्हतं. नाव विचारलं, गप्प. घर विचारलं, गप्प. वकीलसाहेबांनी तिचा तळहात उलगडून पाहिला आणि निकाल दिला, “हिच्यावर शिक्का आहे. हिला कुठंतरी पोचवायची असेल.” तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. पोस्टात आत्ता कोणीतरी हिला वेड्यासारखं शोधत असणार.

तेवढ्यात आमच्या वर्गातली एक मुलगी, जी जूनपासून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही, माझी ओढणी ओढून म्हणाली, “बाई, आपण तिचे मदतनीस होऊ या ना.” सगळ्यांनी आपापल्या गाठी धरल्या आणि आम्ही आल्या पावली उलटे निघालो, या वेळी जवळजवळ पळतच.

अर्ध्या वाटेवर तिचे आजोबा भेटले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, आणि मागून ती दुसरी चप्पल हातात घेऊन धावणारा पोस्टातला कारकून. आजोबा रस्त्यातच खाली बसले आणि तिला पोटाशी धरलं. ती मात्र म्हणाली, “आजोबा, दोरी धरा.” त्यांनी डोळे पुसले आणि निमूटपणे धरली. कारकुनानंही धरली. वकीलसाहेब त्याला म्हणाले, “आता कळलं तुम्ही काय करता ते.”

मुख्याध्यापिकाबाई फाटकातच उभ्या होत्या. म्हणाल्या, “मूल कमी भरलेलं मी पाहिलंय. जास्त भरलेलं पहिल्यांदाच पाहते.” माझी नोकरी अजून कच्ची आहे, म्हणून मी दोरी गुंडाळायला घेतली. शेवटी फर्मान निघालं, की यापुढे वर्गानं समाजाकडे जायचं नाही, समाजानं वर्गात यायचं, आणि पुढच्या पाठाला त्या स्वतः मागे बसणार. (लाल स्वेटरवालीचं नाव येत्या सोमवारपासून आमच्याच वर्गात घातलंय. मला पायाखालची जमीन सापडली ती तेव्हा.)

मामीस नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची भाची

ता. क. पुढचा मदतनीस अग्निशामक दलाचा जवान आहे. मी वर्गाला सांगून बसलेय, की माझे मामा खरेखुरे आहेत, चित्र नाहीत. निवृत्त म्हणजे काय ते त्यांना कळत नाही, आणि तुम्हीही ते इतकं मनावर घेऊ नका. आई म्हणते, तुम्ही हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा जात नाही. मामा, गुरुवारी या. गणवेशात या. वकीलसाहेब प्रश्न विचारतील, तेवढी तयारी ठेवा.

ता. क. दुसरा. नाही म्हणायचा विचार असेल तर व्यर्थ आहे. मामीनं कालच फोनवर तुमच्या वतीनं होकार दिलाय, गणवेशाची कंबर उसवून सैल केलीय, आणि तुम्ही हे पत्र वाचत असाल तेव्हा ती पितळी बटणं घासत असेल. जरा आत डोकावून बघा.