साठच्या पुढची शांतता

अहो,

नाव घालून लिहावं म्हणून पेन टेकवलं. पण उभ्या जन्मात जे घेतलं नाही ते आता कागदावर कसं घेऊ? अहोच बरं. आज लिहायला कारण घडलंय. रज्जाकभाईंनी परवा त्यांच्या गॅरेजात तुमच्या गाडीत ते क्राऊन-पिनियन बसवलं. तुम्ही हैदराबादच्या भंगारातून शोधून आणलेलं आणि तेल लावून, पोत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवलेलं. तुम्ही गेल्यापासून तिथं झाडताना मी दर वेळी त्याला वळसा घालायची.

मामंजींनी ही गाडी घेतली तेव्हा नळदुर्गात खडीचे रस्ते होते. बैलगाडीच्या मागं रांगावं आणि घाट निमूट चढावा, एवढंच तिच्याकडून मागणं होतं. रस्ता चौपदरी झाला आणि गाडीबाईंची पंचाईत झाली. साठपर्यंतच शेजारचं बोलणं ऐकू यायचं नाही, त्याच्या पुढं नेलं की इंजिन किंचाळायला लागायचं. क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या धुऱ्यातली दातेरी चाकांची जोडी, ती बदलली की चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाला कमी फिरावं लागतं, हे तुम्ही मला पोळपाटावर वाटी फिरवून समजावलं होतं. कणीक वाळून गेली, तुमचं संपेना.

रज्जाकभाई तेव्हा म्हणाले होते, "मालक, घाटात रडंल गाडी."

"रडू द्या. घाट घडीभराचा, रस्ता दिवसभराचा."

आणि हा सगळा खटाटोप माझ्यासाठी, असं तुमचं म्हणणं. "तुला याच गाडीनं हैदराबादला अक्काकडं नेतो, गप्पा मारत." किती वर्षं ऐकलं मी हे? माझी अक्का वाट बघून थकली. तुम्हाला मात्र कधी बेरिंग मनासारखं मिळायचं नाही, कधी सील. मग एका सकाळी चहा अर्धा ठेवून निघून गेलात. साठच्या पुढं कधी न गेलेल्या माणसाला एवढी कसली घाई झाली होती?

परवा मीच चालवली. रज्जाकभाई शेजारी बसले. कॉलेजच्या मैदानात तुम्हीच शिकवलंत मला, पण हायवेवर कधी स्टेअरिंग दिलं नाहीत. हा राग अजून आहे, सांगून ठेवते. नव्या जोडीमुळं काटा आता खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, म्हणून रज्जाकभाईंनी मीटरच्या काचेवर रंगाची खूण केलीय. तिच्या पुढं काटा जाऊ द्यायचा नाही.

जळकोट मागं पडलं. ट्रक बाजूनं जात होते, गाडी मजेत पळत होती. मी रज्जाकभाईंना विचारलं, "घाटात तिसरा गिअर लवकर टाकायचा ना?"

ते दचकले. "भाभी, हळू बोला. समदं ऐकू येतंय की."

मी ओरडले होते. तुमच्या शेजारी बसून चाळीस वर्षांत तीच सवय लागलेली. खरंच, इंजिनाचा नुसता घुमघुम आवाज येत होता. कुजबुजलं तरी कळलं असतं. मला पुढचं दिसेना, गाडी कडेला घेतली. रज्जाकभाई उतरून टायर बघत उभे राहिले. टायरला काही झालं नव्हतं.

अहो, किती बोलायचं राहून गेलं हो त्या आवाजात! मी काही विचारायचे, तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात. ते "हं" कशाला होतं, हे तुम्हालाही माहीत नसायचं. सोलापूरहून डॉक्टरांकडची शेवटची तपासणी करून येताना तुम्ही माझ्याकडं बघून काहीतरी म्हणालात. मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली. गाडी थांबवा म्हणायला काय झालं होतं मला? तुम्ही कोणत्या गोष्टीला माझा होकार मागत होतात?

आता कबूल करते ते ऐका. ही गाडी विकणार नाही. पोळा झाला की अक्काकडं निघेन, दिवसाउजेडी, खुणेच्या आत काटा ठेवून. शेजारची सीट मोकळी असेल. वाटभर तुमच्याशी बोलेन, पण हळू, घरातल्यासारखं. उत्तर आलं नाही तर या वेळी इंजिनाला दोष देता येणार नाही, हे मला कळतं. तरी बोलेन.

तुमचीच,
सुमन