घोडे कोण धरणार?

अ‍ॅशबर्न, मे २००४

तीर्थरूप बाबा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून सरळच लिहिते. मी घोड्यावर बसते. इथले हौशी लोक वीकेंडला अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या लढाया मैदानावर करून दाखवतात, त्यांच्या घोडदळात मी शिपाई आहे. निळं लोकरीचं जॅकेट, त्याला पिवळी किनार. पिवळा रंग घोडदळाचा. केस टोपीत कोंबावे लागतात, कारण लांबून बाई ओळखू येता कामा नये.

लढाईआधी रांगेत एक ते चार आकडे पुकारतात. उतरून लढायची वेळ आली की तिघं बंदुका घेऊन पुढे धावतात आणि चौथा सगळ्यांचे घोडे धरून मागे थांबतो. वर्षभर कॅप्टन मला चौथ्याच जागी उभं करतोय. माझ्या हातात घोडे शांत राहतात म्हणे.

राहणारच! मिरजेच्या आपल्या तबेल्यात यतीनदादा रपेट करून आला की घोडा कोण धरायचं? मी बसते म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "मग घोडे कोण धरणार?"

आज सरावानंतर मी कॅप्टनला सांगितलं, उद्या मी तिसऱ्या जागी उभी राहणार. त्यानेही अगदी तेच विचारलं. मी म्हटलं, "कुणीही धरेल. मी शिकवते."

जॅकेटचं सैल बटण आत्ताच पक्कं केलंय. उद्या कुणीतरी फोटो काढेलच. तो मात्र तुम्हाला नक्की पाठवणार.

तुमची,
नेत्रा
जागा तिसरी