सीटवरची पोती

दादा,

गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर वाळूची तीन पोती आहेत, ती काढू नकोस. आई खिडकीतून बघून दचकली होती, तिला सांगितलंय.

बाबा गेल्यापासून गाडी डावीकडे ओढते, त्यावर मेकॅनिक म्हणाला, "मागचा ॲक्सल वाकडा बसलाय. घरी स्प्रिंगा बदलायचे उद्योग कुणी सांगितले होते?" तूही मान डोलावलीस. मला ते लागलं. म्हणून आज दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणून मोजलं. मागचं डावं चाक उजव्यापेक्षा पाच मिलिमीटर बाहेर आहे. मेकॅनिकचं माप खोटं नाही.

पण बाबा रिकाम्या गाडीचं माप कधीच घेत नसत. ते स्वतः सीटवर बसायचे आणि मी बाहेरून टेप धरून आकडे ओरडायचे. त्यांनी बसवलेल्या मऊ स्प्रिंगा दबल्या की ॲक्सल थोडा बाजूला सरकतो; त्यांच्या वजनाने त्या जितक्या दबत, तितक्यावर त्यांनी तो जुळवला होता. बाबांच्या वजनाइतकी, ब्याण्णव किलो वाळू सीटवर ठेवली, तर दोन्ही चाकं दोरीपासून सारखी आली. केसाचाही फरक नाही.

तेव्हा गाडी बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला "बाबांनी बिघडवलेली गाडी" म्हणू नकोस. खरं तर विकूच नकोस. तू चालव, मी तुझ्या वजनावर जुळवून देते. सहापर्यंत येतेच, तोवर जेवून घे आणि आज तरी थांब. सीटवर कुणीतरी बसायला हवं. सकाळी मी सवयीने पोत्यांनाच आकडे ओरडून सांगत होते.

धाकटी