चारी कुणी फोडली

आबा, काल तुमचा पाण्याचा पाट मी दादाच्या स्वयंपाकघरात नेला आणि तोंडावर आपटले. शिरूरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, याला आपल्या घरात कॅलेंडरामागच्या राशिभविष्याएवढीही किंमत नाही. कासुर्डीत काही पटवायचं तर तुमच्या माघारीही तुमच्याच पाटाची चारी काढावी लागते.

दादाला नातू झाला. मणक्याचा खालचा भाग उघडा राहूनच जन्मला. पुण्याला ऑपरेशन करून पाठ शिवली. पाय किती हलतील ते डॉक्टर सांगत नाहीत. वहिनीचा निकाल मात्र लागलाय. सून पोटुशी असताना स्कूटीवरून यवतला पतसंस्थेत कामाला जायची, त्या धक्क्यांनी हे झालं. तिला बाळासकट माहेरी पोचवायचं ठरतंय. मुलगा आईच्या तोंडाकडे बघतो, दादा पेपरात.

म्हणून मी परातीशेजारी बसून शिकवायला लागले. म्हटलं, वहिनी, पाळी चुकली की काय याचा हिशेब चालू असतो, तेवढ्यातच पोटात एका चपट्या पट्टीची वळून नळी होते; ती खाली मिटायची राहिली की पाठ अशी उघडी राहते. तिच्या तळातून एक संदेश पाझरतो, पाटाच्या पाण्यासारखा. जवळच्या पेशींना भरपूर, लांबच्यांना थोडा. पेशी सुरुवातीला सारख्याच. कुणाला किती पोचलं त्यावर कुठली जनुकं जागी व्हायची ते ठरतं. तळाकडे हातपाय हलवणाऱ्या चेतापेशी होतात. वरून, छताकडून, दुसरा संदेश येतो, तिकडे स्पर्श कळवणाऱ्या. जसा पाटाच्या तोंडाला ऊस आणि शेवटाला, टेलला, बाजरी. शेजारची दोन जनुकं एकमेकांना दाबून धरतात, म्हणून मधला बांध सरळ राहतो. इथे दादाने पेपर खाली केला. बांधाचं भांडण त्याला कळतं. एका जनुकाला शास्त्रज्ञांनी पोरांच्या व्हिडिओ गेममधल्या प्राण्याचं नाव दिलंय, ते मी गिळलं. एवढ्या लांबच्या कामात कुठे काय हुकलं, कधी गोळ्या-आहाराचा संबंध, कधी जनुकांचा, पुष्कळदा कळतच नाही, हेही सांगितलं. धक्क्यांचा संबंध नाही, हे दोनदा.

वहिनीने भाकरी उलटली. "म्हंजी कुठंतरी पाणी पोचलं न्हाई. मग चारी फोडली कुणी, ते सांगा की वन्सं."

आणि सगळ्यांनी सुनेकडे बघितलं.

आबा, हे तुमचं शिक्षण. तुम्ही पाटकरी, पाणी वाटणारे; टेलला पाणी पोचलं नाही की तुम्हाला आधी माणूस लागायचा. मी शाळकरी पोर, चारीच्या कडेने तुमच्यामागे चालतेय. टेलचे शेतकरी बांधावर खोळंबलेत. मी म्हणते, खेकड्याने पोखरलं असेल. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "खेकडा कुणाचा ऊस भिजवत न्हाई. माणूस हुडकायचा." लोक हसतात. मधल्या शेतात एकटी राबणारी धनगराची म्हातारी, तिचं नाव तुम्ही घेता. तिची पाण्याची पाळी बंद. त्या वर्षी तिचा कांदा जागेवर वाळला. पुढच्या आवर्तनाला पाटाला पाणी सुटलं तेव्हा भोक सापडलं, खेकड्याचंच. तुम्ही चिखलाने बुजवलंत, घरी येऊन जेवलात. म्हातारीला कुणी काही सांगितलं नाही. मला मात्र दुसऱ्या दिवशी यवतच्या बाजारातून कंपास पेटी आणलीत. बरी होती. कॉलेजपर्यंत वापरली, आणि प्रत्येक वेळी उघडताना राग आला.

जेवणं झाल्यावर सून मोरीपाशी भांडी घासत होती. बाळ माझ्या मांडीवर. त्याच्या पायांच्या तळव्यांवर बोट फिरवत होते. एक अंगठा जरासा वळल्यासारखा वाटला, दुसरा नाही. ती मान वर न करता म्हणाली, "आत्या, खरंच मी न्हाई ना केलं?"

वर्गात मी असल्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. पुरावा कुठाय, विचारते. या एका बाळाच्या नळीत त्या दिवसांत काय झालं, ते मला ठाऊक नाही; कुणालाच नाही. पण वहिनी आत झाकपाक करत होती, आणि सुनेची बॅग दारामागे भरलेली होती. मी तुमचा बांधावरचा आवाज काढला. वहिनीलाच नाही, रस्त्यापर्यंत ऐकू जावा असा. "न्हाई. तू काहीच केलं न्हाईस."

आतली भांडी थांबली. बॅग अजून तिथेच आहे, पण आज तिला कुणी हात लावलेला नाही.

हे तुम्हाला कळवायची सोय नाही, म्हणूनच लिहवतंय. भोक न बघता मीही तुमच्यासारखाच निकाल दिला, आबा. फक्त नाव खेकड्याचं घेतलं.