समुद्रातल्या बेटावरचा प्लॉट

प्रिय गुंजन,

भाऊबीजेच्या सकाळी लोक पाटावर बसतात आणि मी बाकावर बसून तुला पत्र लिहितोय. हसू नकोस. कागद म्हणजे स्टेशनवर घेतलेल्या पेपरात निघालेली फटाक्यांची जाहिरात आहे, मागची बाजू कोरी मिळाली. कुठे बसलोय ते मग सांगतो. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. सिंदीहून पॅसेंजरमध्ये चढलो तर खिडकीपाशी जागा असून दारात उभा राहिलो, आणि चहा घेतला तोही निम्मा सांडला.

आधी कामाचं. आपल्या ‘लग्नघर डॉट टीव्ही’ या वेबसाइटच्या नावाची मुदत आज संपतेय. उद्या सकाळी ते नाव तुझंही नसेल आणि माझंही नसेल. त्यांचं घड्याळ म्हणे अमेरिकेचं, त्यामुळे आपल्याकडचा नेमका कोणता तास शेवटचा ते मला अजून उमगलेलं नाही. मुदतीनंतर काही दिवस सवलत मिळते असं मी कुठेतरी वाचलं होतं, पण आपण ज्याच्याकडून घेतलं त्याने स्पष्ट लिहून कळवलं आहे की त्याच्याकडे तसली सोय नाही. रिकामं झालं की जो आधी हात टाकेल त्याचं.

तुला आठवतं ना घेतलं तो दिवस? दोन वर्षांपूर्वी दिवाळी सरली होती, मी वर्ध्याला बँकेच्या कामाला आलो होतो आणि तू मला ओढत सायबर कॅफेत नेलंस. कैलास तेव्हा नुसता कैलास होता, तळेगावच्या अण्णाजींचा मुलगा, लग्नाच्या कॅसेटी काढणारा. तू म्हणालीस की ही लग्नं पुढे लोक घरी बसून कॉम्प्युटरवर बघतील. रायपूरच्या आत्याला गुडघ्यांमुळे येता येत नाही, तीही बघेल. त्या कॅफेत दोन मिनिटांचा व्हिडिओ उघडायला पाव तास नुसतं चक्र फिरत होतं, आणि तू मला नेटवरच्या लग्नाच्या गोष्टी सांगत होतीस. डॉट कॉम कोणीतरी दिल्लीवाल्याने आधीच दाबून ठेवलं होतं. मी म्हटलं, चला, सुटलो. तर तू म्हणालीस, डॉट टीव्ही घेऊ, व्हिडिओवाल्यांना उद्या तेच लागणार. मी मान डोलावली ती तुझ्या बोलण्यावर नव्हे, तू ऐकणार नाहीस म्हणून. खातं माझ्या नावावर, डोकं तुझं.

घरी सांगितलं तेव्हा बाबूजींनी विचारलं, हे नाव आहे कोणाच्या मालकीचं. तू सांगितलंस की टीव्ही ही समुद्रातल्या एका एवढ्याशा देशाची खूण आहे, चारी बाजूंनी पाणी, आणि नावांचं भाडं त्यांना जातं. बाबूजी कितीतरी वेळ हसले. “कपाशीचं गाव सोडून माही पोरगी बेटावर प्लॉट घेऊन राह्यली,” असं ते दुकानात येईल त्याला सांगायचे. तू चिडून वर्ध्याजवळच्या सावंगीचं उदाहरण दिलंस. मेडिकल कॉलेज व्हायच्या आधी तिथली जमीन कोणी फुकट घेत नव्हतं, बाबूजींना स्वतः विचारणा झाली होती आणि त्यांनी नाही म्हटलं होतं, आज बघा. व्यापारी माणसाला त्याचा हुकलेला सौदा आठवून देणारी तू एकटीच. त्या दिवसापासून घरात त्या नावाला ‘गुंजनचा प्लॉट’च म्हणायचे.

मग उन्हाळ्यात तू आणि कैलासने कोर्टात जाऊन सह्या केल्या. गंमत बघ, गावोगावची लग्नं शूट करणारा माणूस आणि लग्नघराची मालकीण, पण तुमच्या लग्नाची एक कॅसेट नाही. मला याचा तेव्हा फार राग आला होता, अजूनही थोडा आहे. बोलावलं असतंस तर मी आलो असतो की नाही, ते सोड. बाबूजींनी आरडाओरडा केला नाही हे तुला ठाऊकच आहे. त्यांनी फक्त तुझं नाव घेणं बंद केलं. आणि तुझं नाव बंद झालं तसा तो प्लॉटही बोलण्यातून गेला. मागच्या भाऊबीजेला आईने ताट केलं, निरांजन लावलं, दुपारपर्यंत वाट बघितली आणि उचलून ठेवलं. मी दुकानाच्या ओट्यावर बसून राहिलो.

आता माझा घोळ ऐक. आपल्या घरात सगळ्या मुदती तिथीने चालतात, मीही तसाच शिकलो. अमक्याची कापसाची गाठ दसऱ्याला, तमक्याचा हिशेब अक्षय्य तृतीयेला. नाव घेतलं ते लाभपंचमी होऊन तीन दिवसांनी, म्हणून मी डोक्यात पक्कं ठेवलं: लाभपंचमी होऊ दे, मुहूर्ताचा सौदा होऊ दे, मग भरू. पण त्या कॉम्प्युटरला तिथी कुठे कळते? त्याला कळते तारीख. आणि या वर्षी ती तारीख येऊन पडली ती बरोबर भाऊबीजेवर, लाभपंचमीच्या अलीकडे. म्हणजे नेमकी अशा दिवसांत की ज्या दिवसांत आपल्या घरातून काही बाहेर जात नाही.

तुला वेगळं सांगायला नको. लक्ष्मीपूजन झालं की तिजोरीला हात नाही, लाभपंचमीला पुन्हा उघडायची. दूधवाला, पेपरवाला, हमाल, वीजबिल, सगळं मी धनत्रयोदशीच्या आत चुकतं केलं होतं, अगदी शेजारच्या तानाबाईंची दळणाची उधारीसुद्धा. एवढं सगळं लक्षात राहिलं आणि हेच राहून गेलं. काल पाडव्याला मेल उघडली तेव्हा मुदतीची तारीख दिसली. ती मुंबईची कंपनी आहे ना, व्हिडिओची साइट काढणारी, जिच्या मेल वर्षभर येतायत की विकता का म्हणून? तिने परवा लिहिलंय की आता आम्हाला घाई नाही, आम्ही थांबू. कशासाठी थांबणार ते मला काल कळलं. नाव गळून पडायची वाट बघतायत.

कालचा अख्खा दिवस मी ओसरीतून दुकानात आणि दुकानातून ओसरीत. पायाला भिंगरी लागल्यासारखं. आईने विचारलं, “काऊन असा घिरट्या घालून राह्यला?” तिला सांगितलं. ती म्हणाली, “लक्ष्मी बसली बापा घरात. आता पैसा जाईन कसा?” मी म्हटलं माझ्या कार्डावरून भरतो, तिजोरीला हातच लावायचा नाही. ती म्हणाली, कार्ड कोणाच्या घरचं आहे? मी देवधर्म फार करणारा नाही, तू जाणतेस. पण आजोबांपासून कोणी मोडली नाही ती रीत मी एका बेटावरच्या नावासाठी मोडायची, आणि बाबूजी समोर तक्क्याला टेकून बसलेले असताना, हे माझ्याच्याने होईना. आणि नाव सोडून द्यायचं तर तेही होईना. गुंजन, खरं सांगू? मला त्या नावाचा भाव चढेल की पडेल याची काही पडलेली नाही. घरात तुझं म्हणून काही उरलेलं असेल तर ते तेवढंच आहे, आणि तेही माझ्या हातून जाणार, या विचाराने मला रात्री डोळा लागला नाही.

बाकी घरचं बरं आहे. आईची कंबर धरते, पण शंकरपाळे तिनेच केले. कापसाचा नि रुईचा भाव यंदा कसा राहील यावर बाबूजी सकाळ-संध्याकाळ वेगवेगळं बोलतात. दिवाळी असूनही लोडशेडिंग काही चुकलं नाही, लक्ष्मीपूजनाला वीज गेली आणि कितीतरी दिवसांनी अख्खी गल्ली पणत्यांवर होती. तुझी ती निळी सायकल मी विकली नाही. कोणीतरी विचारत होतं, मी हो-ना करत ठेवून दिली.

आता शेवटचं, आणि हेच सांगायला निघालो होतो. आज सकाळी अंघोळ झाल्यावर बाबूजींनी मला आत बोलावलं. पाहतो तर तिजोरी उघडी. भाऊबीजेच्या दिवशी, त्यांनी स्वतःच्या हाताने उघडलेली. त्यांनी दोन पाकिटं काढून माझ्या हातात दिली. एक कोरं, आजचं. दुसऱ्यावर कुंकवाचं बोट होतं, वाळून तपकिरी झालेलं. ते मागच्या भाऊबीजेचं होतं, तेव्हाच्या लक्ष्मीपूजनाआधीच भरून ठेवलेलं. वर्षभर तिजोरीत होतं आणि दोन लक्ष्मीपूजनांना पूजेत बसलं होतं, मला पत्ताच नव्हता. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “ओवाळणी घरातून जात नाई. ते बहिणीचंच राह्यते, आपल्यापाशी नुसतं ठेवलं राह्यते.” मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, “गुंजनच्या प्लॉटाची मुदत आज आहे ना? तिले म्हणा, तुह्या नावावर करून घे. अन् कंपनीले विकजो नको म्हणा, गरजू गिऱ्हाईक आहे, भाव चढवून येईन.” दीड वर्षाने त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं, आणि तारीख त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. आता कुठे बसलोय ते सांगतो. सावंगीत तुमच्या बिल्डिंगसमोरच्या चहाच्या टपरीवर. दोनदा जिन्यापर्यंत येऊन परतलो. तुमच्या मजल्यावरच्या आनंदाबाई दूध घ्यायला खाली आल्यात, त्यांच्या हाती हे वर पाठवतोय. पाकिटं आणि शंकरपाळ्यांचा डबा माझ्याजवळ आहे. ओवाळणी घे, तुझ्या कार्डाने तुझा प्लॉट तुझ्या नावावर कर, आणि कैलासला म्हण, कॅमेरा चार्ज असेल तर काढ, घरी दाखवायला काहीतरी पाहिजे. ताट तयार नसलं तरी चालेल, नुसती खिडकीत ये, मी वरच बघतोय.

खाली ताटकळत बसलेला,
तुझाच
धीरज